आडतळ्याच्या पावसाळी शाळेत आप्पा

चंदगड मागं टाकून घाटाकडं निघालं की उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसायला लागतं. त्या पाण्याच्या काठावर आडतळं आहे. कोल्हापुरातले लोक तिथं दसऱ्यानंतर जातात. तंबू, होड्या, शेकोटी, तळलेले मासे आणि पाण्यात बुडणाऱ्या सूर्याबरोबर फोटो, एवढं झालं की आडतळं झालं. मी गेले ती गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर. तेव्हा तिथले सगळे रिसॉर्ट बंद असतात, छत्री उलटी होईल असा पाऊस असतो आणि रस्त्यावर माणसांपेक्षा बेडूक जास्त असतात. माझ्यासोबत माझे वडील होते. वय सदुसष्ट. ते तिथं वाचायला शिकणार होते.

हे लिहितानाही मला जरा अवघडतं. कारण मी स्वतः हायस्कुलात मराठी शिकवते. बावीस वर्षं झाली.

आप्पा शिवाजी पेठेतले. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर, नंतर सगळा जन्म फौंड्रीत साचे भरण्यात गेला. पेठेत त्यांना न ओळखणारा माणूस नाही. त्यांना वाचता येत नाही हे मात्र फक्त आईला माहीत होतं. पत्र, बिल, लग्नपत्रिका, सगळं आई वाचून सांगायची. बाहेर कुणी कागद पुढं केला की आप्पा खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा घरी ऱ्हायला." माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही असायची, झोकदार. चाळीस वर्षं मला शंका आली नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. यंदा उन्हाळ्यात औषधाच्या दुकानदारानं गोळीची कंपनी बदलली, पट्टीचा रंग बदलला, आणि आप्पांनी ॲसिडिटीची समजून ब्लडप्रेशरची गोळी दिवसातून तीनदा घेतली. भाजी मंडईच्या पायरीवर ते कोसळले. दवाखान्यात मी त्यांच्यासमोर दोन पट्ट्या धरल्या आणि विचारलं, "आप्पा, ह्यावरचं नाव वाचलं नाही का?" त्यांनी खिसा चाचपला. अंगात दवाखान्याचा सदरा होता, त्याला खिसाच नव्हता. मग ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

पुण्याच्या भावानं लगेच सांगितलं, आता मी घेऊन जातो. आप्पा म्हणाले, न्हाय. भाऊ म्हणाला, मग निदान फोन वापरा, हल्ली फोन सगळं वाचून दाखवतो. त्यावर आप्पा जे बोलले ते मला पाठ झालं आहे.

"दुसऱ्यानं वाचून दावल्यालं जलमभर ऐकलं. आता बास. मी शिकतो. पर पेठेत न्हाय. आन् हिच्याकडं तर न्हायच न्हाय." ही म्हणजे मी.

पोचलो

एका सहकारी बाईंकडून मला आडतळ्याच्या शाळेचा पत्ता मिळाला. चंदगडला एसटीतून उतरलो, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपनं पुढं. जीपवाल्यानं विचारलं, "पावणं, कुठल्या रिसॉर्टला? बंद हाईत सगळी." मी शाळेचं नाव घ्यायच्या आत आप्पा म्हणाले, "हवा खायला आलोय." बाहेर एवढा पाऊस होता की समोरच्या काचेतून रस्ता दिसत नव्हता. जीपवाला गाडी चालवता चालवता मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिला.

शाळा भरते ती एका मोठ्या रिसॉर्टच्या जेवणघरात. बाहेर पोहायचा तलाव, त्यात पावसाचं हिरवं पाणी आणि बेडकांची जत्रा. आत खुर्च्या एकावर एक रचलेल्या, भिंतीवर 'आजचे जेवण' लिहायचा काळा फळा, आणि जमिनीवर सतरंज्यांवर पंचवीसेक माणसं. बायका जास्त. कुणी गडहिंग्लजकडची, कुणी आजऱ्याची, एकजण पार कुरुंदवाडहून आलेली. राहायला रिसॉर्टच्याच खोल्या. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी शिधा म्हणून आणायचं. आम्ही गूळ नेला होता.

शाळा चालवतात त्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील, पण आवाज असा की तळ्यापलीकडची म्हैस मान वर करेल. पहिल्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सुरुवात कशी झाली ते सांगितलं. रिसॉर्ट आले तशा गावातल्या बायका तिथं खोल्या झाडायला, स्वयंपाकाला लागल्या. कामाची वाटणी कागदावर लिहून दाराला चिकटवलेली असायची. शेवंताबाई म्हणून एक स्वयंपाकीण होती. तिनं एक दिवस तो कागद काढला, घडी घालून पदरात बांधला आणि थेट बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं हाय तेवढं दावा. रोज कुणाला तरी इचारायला लागतंय."

"मग?"

"दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी चौघींना घेऊन आली. पण सीझनमध्ये ह्यांना वेळ कुठला? आणि आषाढात लावणी. लावणी उरकल्यापासून कापणीपर्यंत हात जरा रिकामे असतात. रिसॉर्टही रिकामे. मालकाला म्हटलं, खोल्यांना बुरशी येण्यापेक्षा माणसं राहू देत." आता तळ्याकाठच्या चार रिसॉर्टांत अशा शाळा भरतात. मुदत एकच, गणपती गेले की सुरू, दसऱ्याला बंद. पाऊस उघडला की पर्यटक, पाऊस लागला की विद्यार्थी.

मी सांगितलं की मीही शिक्षिका आहे, मदत करीन. बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुम्ही वर्गात बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "लेकीसमोर बाप चुकायला लाजतो. आणि चुकल्याशिवाय येत नाही."

सहीचं काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी. आमच्याकडं आमटी म्हणजे चटणीची, लाल तिखटाची, तर्री दिसली पाहिजे, इथं तिच्यात नारळ. आप्पांनी पहिला घास घेतला आणि शेवंताबाईंना विचारलं, "चटणी घालायची ऱ्हायली काय?" शेवंताबाई रिसॉर्टच्या स्वयंपाकीण, शाळेच्याही स्वयंपाकीण आणि वर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी. हातातली पळी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "तुमच्या कोल्लापुरात चटणीची आमटी करत्यात. हितं वाटाण्याची करतो."

पेठेत आप्पांना असं उत्तर देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ते गप जेवले. दुसरी भाकरीही घेतली.

वर्ग सुरू झाला तशी मी व्हरांड्यात बसले. खिडकीतून दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. नवीन आलेल्यांना बाईंनी आपापलं नाव लिहायला सांगितलं. आप्पांनी खडू घेतला आणि फळ्यावर सर्रकन सही केली असणार, कारण बायकांमधून कौतुकाचा आवाज आला.

"छान," बाई म्हणाल्या. "आता ह्यातला 'म' दाखवा."

खडू फळ्यावर दोनदा टेकल्याचा आवाज आला.

"महादेव नाव ना तुमचं? मग 'म' कुठं आहे?"

सतरंजीवर पाय आपटल्याचा आवाज आला आणि आप्पा व्हरांड्यात. माझ्याकडं न बघता ते तसेच पावसात उतरले. मी छत्री घेऊन मागं धावले. भाताच्या बांधावरून जाताना माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. चप्पल तिथंच राहिली. हात घालून शोधली तर चप्पल मिळाली नाही, पिंडरीला जळू मात्र लागली होती. मी ओरडले. आप्पा मागं वळले, आले, खिशातली तंबाखू चोळून जळवेवर लावली. ती गळून पडली. आम्ही दोघं भिजत बांधावर उभे.

"पन्नास वरसं सही केली," ते म्हणाले. "पगाराला केली. तुझ्या शाळंच्या कागदावर केली. तुझ्या आयच्या मर्तिकाच्या दाखल्यावर केली. आन् मला ठावंच न्हाय त्यात काय हाय ते. कुणीतरी चित्र काढून दिल्तं, ते मी गिरवत आलो."

मी म्हटलं, "आप्पा, घरी जाऊया. मी शिकवते. कुणाला कळणार नाही."

हे मी त्यांच्या भल्यासाठी म्हटलं असं तेव्हा मला वाटत होतं.

त्यांनी तळ्याकडं पाहिलं. पाण्यावर पावसाचा पांढरा पडदा सरकत चालला होता. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"न्हाय," ते म्हणाले. "त्या बाईला 'म' दावल्याबिगर मी हितनं हलत न्हाय."

आणि तसेच, ओल्या धोतरानं, परत वर्गात जाऊन बसले. दुपारी ते बाहेर आले आणि चहा पिताना टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी एक अक्षर काढलं. 'म'. मग शेजारी 'हा'. 'दे' काढताना मात्रा उलटीकडं गेली, तेव्हा पुसलं आणि पुन्हा काढलं.

ज्याला जे येतं ते

ह्या शाळेची एक रीत मला फार आवडली. सकाळी बाई शिकवतात आणि संध्याकाळी विद्यार्थी. ज्याला जे येतं ते त्यानं इतरांना शिकवायचं, सुटका नाही. आमच्याकडं व्याख्यानमाला असतात, वक्ता व्यासपीठावर आणि आम्ही खाली. इथं खाली बसलेलं माणूस दुसऱ्या दिवशी उठून वर जातं. आजऱ्याच्या एका बाईनं मधमाश्यांचं पोळं धूर न करता कसं काढायचं ते सांगितलं. कुरुंदवाडच्या मावशींनी पुराचं पाणी चढताना जनावरं कोणत्या क्रमानं सोडायची ते सांगितलं. आधी म्हातारी म्हैस, कारण वाट तिला माहीत असते. मी वहीत लिहून घेत होते. बाकी कुणाला लिहायची गरज नव्हती. त्यांचं एकदा ऐकलेलं जात नाही.

चौथ्या संध्याकाळी बाईंनी आप्पांकडं बोट केलं. "तुमचं काय?"

"मला काय बी येत न्हाय."

"फौंड्रीत काय करत होता?"

"साचं भरत हुतो."

"मग भरा."

आप्पा उठले आणि काठावर जाऊन घमेलंभर माती घेऊन आले. लाल माती त्यांनी चाळली, चिमटीत दाबून पाहिली, थोडी कोरडी रेती मिसळली, परत दाबून पाहिली. शेवंताबाईंकडून पितळी वाटी मागून घेतली. एका लाकडी खोक्यात वाटी उताणी ठेवून भोवती माती भरली, मुठीनं ठोकली, कड बोटानं साफ केली. वाटी अलगद उचलली. आत वाटीचा आकार, एक कण ढळलेला नाही. माणसं पुढं सरकली.

"मातीत पाणी जास्त झालं तर लोखंड ओतताना उडतंय, माणूस भाजतो," ते म्हणाले. "कमी झालं तर साचा ढासळतोय. किती पायजे ते कुठं लिवलेलं नसतंय. हाताला कळाय लागतंय." मग त्यांनी प्रत्येकाला मूठभर माती दाबायला लावली आणि बरोबर, चूक सांगत फिरले. कुरुंदवाडच्या मावशींना तीनदा परत करायला लावलं. मी त्यांना एवढं बोलताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता हा माणूस शिकेल."

रविवार

पाचवा दिवस रविवार. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती. दुपारी पाऊस जरा थांबला. आप्पा जेवणघरातल्या फळ्यासमोर उभे राहून खडूनं लिहीत होते. वर्ग सुटला होता, पण त्यांचा रोजचा घोकून लिहायचा नियम. मी दारात बसून कोरडी झालेली नवी चप्पल वाकवत होते. चंदगडच्या बाजारातून जीपवाल्यानं आणून दिलेली, दोन्ही पाय डावे वाटावेत अशी.

तेवढ्यात आवारात एक मोठी गाडी शिरली. आतून सात-आठ माणसं उतरली, रेनकोट घातलेली, हसत खिदळत. धबधबा बघायला आलेली. एकजण हाक मारत पुढं आला, "काय चहा-बिहा मिळतंय का हो?" आणि मी त्यांना ओळखलं. बाबूराव काका. पेठेतले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे, आप्पांच्याच संघात बॅकला खेळलेले. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रंकाळ्याला फेरी मारून येते.

त्यांनी आत पाहिलं. "आयला! गोलकीपर! आप्पा, हितं काय करालाईस?"

आप्पा वळले. हातात खडू. फळ्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत 'घर', 'गवत', 'गाडव'. 'गाढव' लिहायचं होतं.

मी झटकन उठले. "काका, आम्ही फिरायला आलोय," मी म्हणाले. "आप्पांना हवापालट हवा होता. ते आपले बायकांना जरा, शिकवतायत."

हे माझ्या तोंडून किती सहज निघालं! एकही शब्द अडखळला नाही.

"खोटं बोलायलीया ती," आप्पा म्हणाले.

ते रागावलेले नव्हते. आवाज साधा होता. "मी शिकवत न्हाय. शिकालोय. मला वाचाय येत न्हाय, बाबू."

बाबूराव काका हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "जा की! कट्ट्यावर रोज पेपर वाचत बसायचास की तू!"

"धरायचो," आप्पा म्हणाले. "वाचत न्हवतो."

मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. आप्पांनी त्या दिशेला पाहिलं.

"हासायचं त्यानं हासून घ्या. मला अजून दोन ओळी लिवायच्या हाईत." आणि ते पाठ करून फळ्याकडं वळले.

खडूचा आवाज तेवढा येत होता. शेवंताबाई स्वयंपाकघरातून आल्या, सगळ्यांसमोर चहाचे पेले ठेवले आणि फळ्याकडं बघून म्हणाल्या, "पावणं, 'ढ'ला पोट असतंय."

"थांबा की जरा. त्येच घालालोय."

बाबूराव काका एका खुर्चीवर टेकले. चहा हातात तसाच धरून ते आप्पांच्या पाठीकडं पाहत राहिले. ह्याच पाठीमागं जाळं असायचं आणि हेच काका पुढं उभे राहून चेंडू अडवायचे. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मग त्या काळात, आपली ती पत्रं यायची संघाला, तू वाचून दावायचास ती?"

"घरी न्यायचो. बायको वाचायची. मी पाठ करून यायचो."

"सगळी?"

"सगळी."

काकांनी मान हलवली, जणू कुठलातरी जुना सामना त्यांना आता नव्यानं समजत होता. जाताना ते आप्पांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "पेठेत कुणाला सांगत न्हाय. काळजी करू नगंस."

"सांग की," आप्पा म्हणाले. "चौकात सांग. म्हंजे मला घरोघर सांगत फिराय लागणार न्हाय."

गाडी गेली. आप्पा खडूनं माखलेले हात धुवायला बाहेर आले. मी पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं."

"तुला लाज वाटली," ते म्हणाले.

मी नाही म्हणू शकले नाही. मुलांना बावीस वर्षं 'अज्ञान असणं लाजिरवाणं नाही, ते लपवणं लाजिरवाणं' असं शिकवणारी बाई मी. बांधावर मी त्यांना घरी चला म्हटलं होतं, तेही कुणाला कळू नये म्हणूनच. ते आत्ता मला कळलं.

"मला बी वाटली," आप्पा म्हणाले. "साठ वरसं वाटत हुती. आज बोललो आन् संपली. एवढंसं काम हुतं बघ." त्यांनी हात झटकले. "तू उद्या जा. मी दसऱ्याला येतो."

"एकटे राहाल?"

"एकटा कुठं? पंचवीस माणसं हाईत. आन् ती बाई 'क्ष' शिकवणार हाय फुडच्या आठवड्यात. ते लई अवघड असतंय म्हणं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी

मी परत गेले तेव्हा पाऊस उघडला होता. तळं निळं झालं होतं, काठावर भात पिवळं पडायला लागलं होतं आणि पोहायच्या तलावातून बेडूक हाकलून माणसं तो घासत होती. दोन दिवसांनी पर्यटक येणार होते. रिसॉर्टच्या मालकाची माणसं खोल्यांना रंग देत होती आणि जेवणघरात शाळेचा शेवटचा वर्ग चालू होता. ह्या वेळी बाईंनी मला आत बसू दिलं.

'आजचे जेवण'च्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'आमटीत मीठ कमी हाय'. अक्षर मी ओळखलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तुमाला डाक्टरनी सांगितलंय'. त्याखाली पुन्हा पहिलं, 'डाक्टर हितं न्हाय'. त्याखाली, 'मी हाय'. शेवंताबाई आणि आप्पा महिनाभर असे भांडत होते, आणि तोंडानं एक शब्द नाही. बाईंनी शुद्धलेखन दुरुस्त केलं नव्हतं. माझा हात मात्र सवयीनं खडूकडं गेला होता. मी तो मागं घेतला.

निरोपाला भाषणं झाली नाहीत. ज्यानं त्यानं आपापली सतरंजी झटकली, घडी घातली आणि जो तो बाईंच्या पाया पडला. आप्पा पाया पडले नाहीत, बाई त्यांच्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी फळ्यावर आपलं नाव लिहिलं. सही नाही. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलासारखं. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ह्यो 'म'."

बाई म्हणाल्या, "बरोबर," आणि डोळ्यांना पदर लावला. मग लगेच कुणालातरी ओरडल्या की सतरंज्या मोजून ठेवा.

परतीच्या एसटीत आप्पांनी खिडकी मागितली. आणि मग चंदगडपासून आमचा प्रवास वेगळाच सुरू झाला. आयुष्यात शेकडो वेळा एसटीत बसलेला माणूस पहिल्यांदा रस्ता वाचत होता. 'चं-द-ग-ड आ-गा-र.' 'वा-ह-ने सा-व-का-श.' 'ये-थे पं... पंक... पंक्चर!' प्रत्येक पाटी मोठ्यानं. पुढच्या बाकावरच्या माणसानं दोनदा मागं वळून पाहिलं. मी आप्पांना हळू बोला म्हणणार होते. म्हटलं नाही.

सगळ्यात जास्त त्रास वाढदिवसाच्या फलकांनी दिला. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक. 'हार्दिक'वर ते अडले. "ही डोस्क्यावर शेपटी कसली?"

"रफार. आधी 'र' म्हणायचा."

"हा-र्दि-क." पुढच्या गावात पुन्हा तेच. "हार्दिक. ह्येचा बी वाढदिवस?" तिसऱ्या गावात अक्षरं न जुळवता, नुसती नजर टाकून, "हार्दिक!" आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं पूर्वी पेनल्टी अडवल्यावर मैदानाकडं बघत असतील. एके ठिकाणी गाडी वेगात पुढं गेली आणि पाटी अर्धी राहिली, तेव्हा त्यांनी उठून हाक मारली, "ड्रायव्हरसाहेब, जरा दमानं घ्या की! वाचू तर द्या!" सगळी गाडी हसली. आप्पाही हसले.

गडहिंग्लज गेलं. संकेश्वरजवळ गाडी थांबली, एक प्रौढ बाई चढल्या आणि आमच्या समोरच्या बाकावर बसल्या. कपाळावर विभूती, हातात फुलांची पिशवी. गाडी महामार्गाला लागली. आप्पा खिडकीशी सावध बसले होते. मोठी हिरवी पाटी आली. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दुसरी पाटी. तिसरी. एका दुकानावरची लांबलचक पाटी. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला आधी समजेना, मग लक्षात आलं.

"मला येत न्हाय," ते पुटपुटले. "महिन्यात सगळं इसरलो काय?"

"आप्पा, हे कन्नड आहे. आपण कर्नाटकात आलोय. ही अक्षरं तुम्हाला शिकवलेलीच नाहीत."

"म्हंजे ही येगळी अक्षरं?"

"हो. मलाही येत नाहीत."

ते माझ्याकडं पाहत राहिले. आपली लेक, मराठीची बाई, हिलाही येत नाहीत. ह्या शोधानं त्यांना किती बरं वाटलं ते त्यांनी लपवलं नाही. मग ते समोरच्या बाईंकडं वळले.

"अक्का, तुमाला कन्नड वाचाय येतंय?"

"येतंय की." बाईंनी जरा संशयानं पाहिलं. "का ओ?"

गाडी निपाणीच्या स्टँडात शिरत होती. वरती मोठी पाटी होती, अक्षरं सगळी गोल, एकातून एक निघालेली. आप्पांनी खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं, बरोबर पहिल्या अक्षरावर.

"आता गाडी धा मिंटं थांबंल," ते म्हणाले. "हे पयलं कुठलं, सांगा बघू."